वणीच्या जत्रेंतील बाजार

प्रवासाला निघालेला मनुष्य परक्या गांवीं दोन गोष्टी हटकून करतो. तेथल्या कारागिराच्या हातची एखादी वस्तु विकत घेतो आणि तेथलें कांहींतरी खातो. हल्लीं या दोन्ही गोष्टी सहलीच्या सुखांत मोडतात. परंतु ज्या काळीं सहल हा शब्द शेतकऱ्याच्या कानीं पडला नव्हता, त्या काळीं त्याची ही हौस जत्रा पुरवीत असे. यवतमाळ जिल्ह्यापुरतें बोलावयाचें तर वणी येथील श्रीरंगनाथ स्वामींची जत्रा हें त्याचें ठळक उदाहरण होय.

वणी निर्गुडा नदीच्या कांठीं आहे. सबंध जिल्ह्याला एके काळीं या गांवाचेंच नांव होतें. १८५३ सालीं निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या स्वाधीन केलें. पुढें दहाबारा वर्षांनीं या भागाचा स्वतंत्र जिल्हा झाला आणि तो वणी जिल्हा म्हणून ओळखला जाऊं लागला. कचेऱ्या मात्र यवतमाळास. १९०५ सालीं वऱ्हाडच्या जिल्ह्यांची फेरमांडणी झाली, पुसद तालुका इकडे जोडला गेला आणि जिल्ह्याचें नांव यवतमाळ ठरलें. वणीचा कागदावरचा मान गेला. जत्रेचा मान कोणत्याहि हुकुमानें दिलेला नव्हता, तेव्हां तो काढून घेण्याचा प्रश्नच नव्हता.

जत्रा भरते फाल्गुनांत. भाविकाला यांत देवाची इच्छा दिसेल. पण शेतकऱ्याच्या सोयीनें पाहिलें तरी याहून चांगली वेळ सांपडणें कठीण. कापूस विकून झालेला, ज्वारी घरांत आलेली, हातीं चार पैसे आणि मृगाला अजून अवकाश. नांगरवखराला नवी जोडी घ्यायची तर ती याच दिवसांत. म्हणून बैलबाजार हाच या जत्रेचा कणा होता. दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाखालीं एकमेकांचीं बोटें दाबून भाव ठरवीत. शेजारीं उभ्या असलेल्या माणसाला आंकडा कळत नसे, केवळ दोघांच्या मुद्रेवरून तर्क करावा लागे. बैल घेतला कीं साज आलाच. वेसणी, कासरे, घुंगूरमाळा, कवड्यांच्या माळा, झुली. त्यापलीकडे सुताराच्या तिफणी व डवरे, लोहाराचे फाळ, धनगराच्या घोंगड्या. घेणारा शेतकरी कासरा दोन्ही हातांनीं ताणून पाही, घोंगडीचें विणकाम उजेडाकडे धरून तपाशी. त्याला फसविणें सोपें नव्हतें, कारण घेतलेली वस्तु त्याला दुसऱ्याच दिवसापासून वापरायची असे.

या गर्दीच्या कडेला कोलाम बसत. मारेगांव, झरी-जामणी, पांढरकवडा, घाटंजी या भागांतील टेकड्यांवर त्यांच्या लहानलहान वस्त्या आहेत. त्यांना पोड म्हणतात. त्यांची कोलामी भाषा द्राविड कुळांतली. बांबू चिरून त्याच्या कामट्या काढणें आणि त्या विणून टोपल्या, सुपें, डालीं, तट्टे करणें हा त्यांचा हातगुण. वऱ्हाडांतल्या शेतीला या विणकामावांचून चालत नसे. ज्वारी पाखडायची सुपानें, वेचलेला कापूस न्यायचा टोपल्यांतून, धान्य सांठवायचें बांबूच्या कणगींत, गाडीला आडोसा करायचा तो तट्ट्याचा. जंगलानें कोलामाला बांबू, मोहफुलें, चारोळी दिली. मीठ आणि कापड दिलें नाहीं. बाजाराला येण्याचें त्याचें कारण एवढेंच होतें. भाव करण्यांत तो कच्चा, आणि संध्याकाळीं न विकलेला माल डोक्यावर घेऊन डोंगर चढण्याची त्याला धास्ती. या दोन्ही गोष्टी गिऱ्हाइकाला ठाऊक असत. जत्रेचीं वर्णनें करणारांनीं तिच्या रंगांविषयीं पुष्कळ लिहिलें आहे, या घासाघिशीविषयीं थोडें.

बंजाऱ्यांची गोष्ट निराळी. बाजार हेंच त्यांचें जीवित होतें. समुद्रकांठचें मीठ देशावर आणि देशावरचें धान्य फौजेच्या तळावर हेच लोक बैलांच्या पाठीवरून नेत. १८०३ सालीं अडगांव व गाविलगड येथें इंग्रज व मराठे यांच्या लढाया झाल्या, तेव्हां वेलस्लीच्या सैन्याची रसदहि त्यांच्यावरच अवलंबून होती. वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून गंगाकांठच्या मिर्झापुरापर्यंत जात असे. १८६७ सालीं आगगाडी नागपुरास पोंचली आणि हा धंदा मोडला. पुसद, दिग्रस, दारव्हा या बाजूला अनेक तांडे स्थिर झाले व शेतीला लागले. महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद १९६३ ते १९७५ इतका दीर्घ काळ भूषविणारे वसंतराव नाईक हे पुसदजवळच्या गहुलीच्या अशाच तांड्यांतले. बंजारा स्त्रियांचें भरतकाम, त्यांतील आरसे, कवड्या, शिंपले, हें त्या काळीं विकण्यासाठीं नव्हतेंच. पेटी-पेटारा न बाळगणाऱ्या फिरत्या संसाराची ती अंगावर वागवायची दौलत होती.

आतां खाण्याकडे वळावें. पूर्वीच्या जत्रेंत ‘बाहेर खाणें’ ही इतकी सरळ गोष्ट नव्हती. लांबून आलेलें कुटुंब गाडींतून पीठ, डाळ, तिखट बरोबर आणी. बैल सोडून गाडीखालीं सावली केली कीं बायका गोवऱ्या पेटवीत आणि त्यांच्या निखाऱ्यांत कणकेचे रोडगे भाजीत. वरून राख झटकायची, रोडगा फोडायचा, त्यावर तूप किंवा तेल, जोडीला वरण आणि वांग्यांची झणझणीत भाजी. वऱ्हाडांतले हें जेवण आजहि देवाधर्माच्या पंगतींत टिकून आहे, आणि चुलीवरच्या रोडग्याची सर त्याला येत नाहीं. उपड्या मडक्यावर भाजल्या जाणाऱ्या लांब रोट्यांचें कौतुक मात्र घरच्या पाहुणचाराचें. जत्रेच्या धांदलींत तें जमण्यासारखें नव्हे.

मग दुकानांतून काय घेत? गुळाची जिलेबी, शेव, फुटाणे, मुरमुरे, रेवड्या, बत्तासे. हे पदार्थ केवळ जिभेनें निवडले नव्हते. पाण्यांत शिजलेलें अन्न परक्या जातीच्या हातचें घेऊं नये, तळलेलें किंवा कोरडें भाजलेलें चालेल, असा जुना निर्बंध होता; त्यामुळें कढई आणि भट्टी यांतून निघालेलें तेवढेंच उघड्यावर विकतां येई. जत्रेचा खाऊ म्हणून आज ज्याची आठवण गोड वाटते, त्याच्या मागें ही विटाळाची रेघ आहे. पैसा सर्वांचा चालत असे, पाणी सर्वांचें चालत नसे. अस्पृश्य मानलेल्या गिऱ्हाइकाला जिलेबी वरून टाकली जाई आणि पैसे मात्र हातानें उचलून गल्ल्यांत जात. चहाची दुकानें व खाणावळी आल्यानंतर हा प्रकार हळूहळू सैल झाला. परंतु एका कपाच्या जागीं दोन तऱ्हेचे कप ठेवून तोच प्रकार कित्येक ठिकाणीं पुढेंहि चालला, हें विसरून चालणार नाहीं.

बाजारांतला माल बदलूं लागला तो कापसामुळें. अमेरिकेंत १८६१ सालीं यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरची नजर वऱ्हाडाकडे वळली. १८७७ च्या पहिल्या दिवशीं नागपुरास जमशेटजी टाटांची एंप्रेस मिल चालू झाली. पुढें मूर्तिजापूर ते यवतमाळ हा ११३ किलोमीटरांचा अरुंद रुळांचा मार्ग कापूस वाहण्यासाठींच किलिक-निक्सन कंपनीनें बांधला. त्या ‘शकुंतले’ला १९९४ पर्यंत वाफेचें एंजिन ओढीत होतें. गाडी जातांना कापूस नेई आणि येतांना गिरणीचें लुगडें, पत्र्याची पेटी, कांचेच्या बांगड्या आणी. जाडेंभरडें कापड विणणारांचे माग पहिल्यांदा थांबले; त्यांत महार विणकरांचे संसार पुष्कळ उघड्यावर आले. कोलामाची टोपली टिकली, कारण ती गिरणींत होत नव्हती. तिला धोका निराळ्या दिशेनें आला. जंगल राखीव झालें आणि काल घरचा असलेला बांबू आज परवान्याचा झाला. १९३० च्या जुलैंत, वणीसच जन्मलेल्या माधव श्रीहरि तथा बापूजी अणे यांनीं पुसदला जंगलचा कायदा मोडला, तो गवत कापून. राजकारणाच्या इतिहासांत या सत्याग्रहाची नोंद झाली आहे; त्याच्या मुळाशीं रानाकांठच्या माणसाची रोजची गरज होती.

स्पेनमध्यें तोलेदो शहर तलवारींसाठीं विख्यात होतें. तिसऱ्या कार्लोसनें तेथें १७६१ सालीं फौजेसाठीं सरकारी शस्त्रशाळा काढली. आतां प्रवासी तेथून भिंतीवर टांगायला तलवार नेतात. बंजाऱ्यांच्या भरतकामाचें तसेंच झालें आहे. तें मोठ्या शहरांतील प्रदर्शनांत पिशव्या, उशांचे अभ्रे होऊन विकलें जातें. कांहीं घरांना त्यांतून चार पैसे मिळतात, त्याला नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. बांबूचा हिशेब मात्र तसा नाहीं. शेतांत वापरलेली टोपली एकदोन हंगामांत मोडे आणि गिऱ्हाईक परत येई. दिवाणखान्यांतली टोपली वीस वर्षें मोडत नाहीं. शेतकऱ्यानें टोपलीऐवजीं प्लॅस्टिकचें घमेलें धरलें, आणि शहरचा हौशी मनुष्य एकदांच येतो.

कोलाम आज महाराष्ट्रांतील तीन विशेष दुर्बल आदिम जमातींपैकीं एक गणले जातात. दुसऱ्या दोन कातकरी व माडिया गोंड. २००६ च्या वनहक्क कायद्यानें बांबूला गौण वनोपजांत घातलें, म्हणजे तो गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क वनवासी माणसाचा ठरला. २०१७ सालीं जुन्या वनकायद्यांतून बांबूचें ‘झाड’पण काढण्यांत आलें, परंतु तें जंगलाबाहेर वाढणाऱ्या बांबूपुरतेंच. कामट्या काढायला लागणारा हिरवा बांबू पोडापासून पायीं जाण्याच्या अंतरावर, म्हणजे जंगलांतच, मिळावा लागतो.