दंपतीचे दान आणि दंपतीची चारिका

पनवेलहून गोव्याकडे जाणाऱ्या महामार्गावर शिरढोण हे गाव आहे. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजी येथे झाला, म्हणून गावाचे नाव इतिहासात नोंदले गेले. वीरपुरुषांची अशी स्मृती जपलीच पाहिजे. परंतु ज्या गृहस्थांनी ना राज्य केले, ना युद्ध केले, त्यांच्या नावांचे काय होते? कर्नाळ्याच्या सुळक्याखालून जाणाऱ्या याच वाटेने आम्ही उभयता अनेकदा दक्षिणेकडे निघालो, ते या प्रश्नाचा मागोवा घेण्यासाठी. सोबत मार्गदर्शक नाही, सहलीचा तांडा नाही, एस.टी.चा प्रवास, शिधा आणि १८८१ साली जेम्स बर्जेस व पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी प्रसिद्ध केलेल्या लेण्यांतील शिलालेखांची टिपणे, एवढीच आमची सामग्री.

या प्रवासात ज्या स्थळाने आम्हांस सर्वाधिक शिकविले ते म्हणजे रायगड जिल्ह्यातील कुडे येथील लेणी. महामार्गावरील इंदापूरहून तळे गावाच्या बाजूने तेथे जाता येते. खाली मांदाडची खाडी पसरलेली आहे. ग्रीक लेखकांनी उल्लेखिलेले मंदगोर हे बंदर म्हणजेच मांदाड, असे अनेक अभ्यासक मानतात. जेथे बंदर तेथे व्यापारी, जेथे व्यापारी तेथे भिक्षुसंघाला आधार, हा पश्चिम किनाऱ्यावरील लेण्यांचा सर्वसाधारण नियम येथेही दिसतो. कऱ्हाडच्या महिक नावाच्या लोखंडाच्या व्यापाऱ्याने येथे दान दिले आहे. शिवपिरित नावाच्या माळ्यानेही दिले आहे.

परंतु आमचे पाय खिळले ते दोन भावांच्या लेखांपाशी. सुलसदत्त व उत्तरदत्ता या दांपत्याचे हे पुत्र. एकाचे नाव शिवभूती, धाकट्याचे शिवम. दोघेही महाभोज मांदव खंदपालित या स्थानिक अधिपतीच्या पदरी होते; शिवभूती हा तेथे ‘लेखक’ होता. ‘लेखक’ म्हणजे ग्रंथकर्ता नव्हे, तर दफ्तर सांभाळणारा कारकून. म्हणजे हे कुटुंब चाकरीवर जगणारे होते. शिवभूतीने आपली पत्नी नंदा हिच्यासह एक लेणे दिले. शिवमच्या लेखात तर कुटुंबाचा हिशेबच मांडलेला आहे. लेणे शिवमचे, त्यातील ‘शैलरूपकर्म’, म्हणजे पाषाणातील मूर्तिकाम, पत्नी विजया व चार पुत्र यांचे, आणि स्तंभ चार कन्यांचे. सर्पा, शिवपालिता, शिवदत्ता, सुलसदत्ता या चारही मुलींची नावे तेथे आहेत. आजोबांचे सुलसदत्त हे नाव एका नातवाला मिळाले, तसेच एका नातीलाही मिळाले.

या लेखाचे महत्त्व आम्हांस असे वाटते. पत्नीचा उल्लेख पतीच्या नावाआड झाकलेला नाही; तिच्या वाट्याचे काम वेगळे सांगितले आहे. मुलींनाही स्वतंत्र पुण्यभाग आहे. त्याच लेण्यात भिंतीवर स्त्री-पुरुषांच्या भव्य युगुलप्रतिमा कोरलेल्या आहेत. ती शिवम आणि विजया यांचीच रूपे होत, असा आमचा आग्रह नाही. परंतु जेथे मूर्तिकामाचे श्रेय गृहिणीला दिले आहे, तेथेच युगुले उभी आहेत, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. कुडे येथेच अयितिलु नावाच्या ब्राह्मण उपासकाची पत्नी भयिला हिने चैत्यगृह दान केले आहे. कारकून, माळी, लोहव्यापारी आणि ब्राह्मण गृहिणी यांना एकाच डोंगरात स्थान मिळाले. वर्णभेदाला धम्माने दिलेले उत्तर केवळ ग्रंथांत नाही, ते या पाषाणातही आहे.

हे उदाहरण एकटे नाही. बेडसे येथे एका पोढीवर, म्हणजे पाण्याच्या टाक्यावर, सामडिनिका या महारठिनीचे नाव आहे. ती महाभोजाची कन्या व आपदेवणकाची पत्नी. नाशिकच्या लेण्यांत नहपानाची कन्या व उषवदाताची पत्नी दक्षमित्रा हिने एक ‘ओवरक’ दिला. आपल्या बोलण्यातील ‘ओवरी’ हा शब्द त्याच कुळातला. सामडिनिका व दक्षमित्रा राजकुळाशी जोडलेल्या, तर विजया व नंदा चाकरीवाल्यांच्या घरच्या. धनाचे अंतर मोठे, पण लेखाची रीत एकच.

पाली वाङ्मयात या रीतीमागचा विचार सापडतो. अंगुत्तर निकायात भग्ग देशातील नकुलपिता व नकुलमाता या वृद्ध दांपत्याची कथा आहे. या जन्मी जसे एकत्र आहोत तसेच पुढेही असावे, अशी इच्छा त्यांनी भगवंतांपाशी व्यक्त केली. तेव्हा श्रद्धा, शील, त्याग आणि प्रज्ञा या चार गोष्टींत उभयतांनी समान असावे, असा उपदेश त्यांस मिळाला. त्यागातील समानता म्हणजे काय, हे कुडे येथील कारकुनाच्या कुटुंबाने छिन्नी-हातोड्याने लिहून ठेवले आहे.

आता एक खंतही नोंदविली पाहिजे. आम्ही पाहिलेल्या अनेक लेण्यांत आजच्या जोडप्यांनीही आपली नावे कोरली आहेत: बाण, हृदयाची आकृती, मध्ये दोन अक्षरे. काही ठिकाणी ती प्राचीन अक्षरांच्या अगदी जवळ आहेत. या तरुणांना दोष देऊन थांबणे सोपे आहे. परंतु नाव टिकावे ही इच्छा विजया व शिवम यांनाही होतीच. भेद एवढाच, की त्यांनी आधी भिक्षूंना वर्षावासासाठी निवारा दिला, मग नाव कोरले. हा भेद त्या तरुणांना कोणी सांगितला का? लेण्याच्या दाराशी ‘पांडवांनी एका रात्रीत कोरले’ असे सांगितले जाते, तेथे विजयेचे नाव कोण उच्चारणार? १९५८ च्या कायद्याने दगडाला संरक्षण देता येते. त्यावरील नावाला संरक्षण देणारा मात्र वाचणाराच असतो.

म्हणून आम्हांस असे सुचवावेसे वाटते की, उपासक-उपासिकांनी अशी चारिका जोडीने करावी. त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. ब्राह्मी लिपीची मुळाक्षरे थोड्या अभ्यासाने येतात. कुडे येथून परतताना आम्ही शिवमच्या लेखातील नावे एकेक करून मोठ्याने वाचली: प्रथम आई-वडिलांची, मग पती-पत्नीची, मग चार पुत्रांची, शेवटी चार कन्यांची. गुहेत त्यांचा प्रतिध्वनी उमटला. ज्या कुटुंबाने आपल्यासाठी काहीही मागितले नाही, त्याची नावे निदान एकदा तरी एखाद्या दांपत्याच्या मुखातून उमटावीत, एवढेच त्या दिवशी आमच्या हातून झाले.