बेवड, मुळं आणि टारफुला

कडधान्याचा बेवड (आधी घेतलेल्या पिकाचं रान) ज्वारीला मानवतो आणि एकाच रानात वर्षानुवर्षं ज्वारीच घेतली तर उतारा घटतो, हे महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. युरोपातल्या शेतकऱ्यांचा अनुभवही असाच होता. असं का होतं, याचा शोध जिनिव्हातल्या द कांदोल या वनस्पतिशास्त्रज्ञांनी मुळांपाशी घेतला.

झाडं नकोसे पदार्थ मुळांवाटे मातीत सोडतात. ते त्याच जातीच्या पुढच्या पिकाला बाधतात, दुसऱ्याला चालतात, असं त्यांनी १८३२ साली मांडलं. त्यांच्या सांगण्यावरून माकेर या रसायनतज्ज्ञांनी घेवड्याच्या जातीची झाडं पाण्यात वाढवली. पाण्याला रंग चढला. त्याच पाण्यात पुन्हा तीच झाडं ठेवली तर ती नीट वाढेनात, गहू मात्र चांगला आला.

हा विचार फार काळ टिकला नाही. ऑक्सफर्डच्या चार्ल्स डॉबेनी यांनी दहा वर्षं प्रयोग करून १८४५ साली निष्कर्ष छापले. त्यात या कल्पनेला आधार मिळाला नाही. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांच्यामुळे सगळ्यांचं लक्ष खनिजांकडे वळलं होतं. पुढे १८८६ साली जर्मन संशोधक हेलरीगेल यांनी कडधान्यांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र बांधतात हे दाखवलं, आणि फेरपालटीचं कोडं सुटल्यासारखं वाटलं.

ते अर्धंच सुटलं होतं. द कांदोल यांना जो मुळांचा टाकाऊ माल वाटला, त्यात साखरा, अमिनो आम्लं आणि सेंद्रिय आम्लं असतात. मातीतल्या सूक्ष्मजीवांचं ते अन्न. प्रत्येक पिकाचा पाझर वेगळा, म्हणून मुळांभोवतीचे जीवही वेगळे. पीक तेच राहिलं की त्यावर जगणाऱ्या रोगकारक बुरशांनाही दरवर्षी आयतं खाद्य मिळतं. १९०४ साली जर्मनीच्या हिल्टनर यांनी मुळांलगतच्या या मातीला ‘ऱ्हायझोस्फिअर’ असं नाव दिलं.

मुळांचा पाझर किती नेमकं काम करतो, ते ज्वारीच्या मुळांवर जगणाऱ्या टारफुला या परजीवी तणात दिसतं. जमिनीत ओल असूनही ज्वारी सुकल्यासारखी दिसते आणि काही दिवसांनी बुडाशी पांढऱ्या फुलांची लहानशी रोपं वर येतात. तोवर नुकसान होऊन गेलेलं असतं. टारफुल्याचं धुळीसारखं बी यजमानाच्या मुळांतून विशिष्ट द्रव्य पाझरल्याशिवाय सहसा रुजतच नाही. अशा द्रव्यांपैकी स्ट्रायगॉल हे अमेरिकन संशोधकांनी १९६६ साली वेगळं केलं, तेही कापसाच्या मुळांतून! कापसावर टारफुला जगू शकत नाही. बी फसून रुजतं आणि यजमान न मिळाल्याने मरतं. मग झाडं हे द्रव्य सोडतात तरी कशासाठी? २००५ साली जपानी संशोधकांनी दाखवलं की स्फुरद आणून देणाऱ्या मायकोरायझा बुरशीला या जातीच्या द्रव्यांमुळे फांद्या फुटतात. बुरशीसाठी दिलेल्या संकेताचा फायदा टारफुलाही उठवतो.

म्हणून टारफुला दिसलेल्या रानात पुढच्या वर्षी ज्वारी नको, कापूस किंवा भुईमूग घ्यावा. टारफुल्याची आलेली रोपं फुलण्याआधी उपटावीत. एका फेऱ्यात रान साफ होईल असं मात्र धरू नये, कारण हे बी मातीत दहा वर्षांहून अधिक काळ जिवंत राहू शकतं.