बूटपॉलिश

चामड्याच्या पादत्राणांना तकाकी आणणारे मेणयुक्त लेपद्रव्य. तसेच ते लावून घासण्याची क्रिया. मंदावलेली चकाकी परत आणणे, उडालेला रंग झाकणे व चामड्याला ओलाव्यापासून काही प्रमाणात जपणे ही त्याची मुख्य कामे होत.

चकाकीचे कारण : वापरलेल्या बुटावर ओरखडे पडतात, चामड्यातील स्निग्धांश घटतो व रंध्रांत धूळ बसते. अशा खडबडीत पृष्ठभागावरून प्रकाश सर्व दिशांना विखुरतो, म्हणून बूट निस्तेज दिसतो. मेण या खाचा बुजवते आणि घासून सपाट झालेल्या थरावरून प्रकाश नियमितपणे परावर्तित होतो. धुळीवरच पॉलिश चढवले तर हा थर टिकत नाही. त्यामुळे सफाई हाच या कामाचा पाया आहे.

घटक : कार्नौबा मेण ब्राझीलमधील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांपासून मिळते. ते कठीण असून सु. ८२°–८६° से. तापमानास वितळते, खरी चमक त्याचीच. मधमाश्यांचे मेण सु. ६२°–६४° से.ला वितळते व थराला लवचिकपणा देते. ही मेणे टर्पेंटाइन किंवा नॅफ्थासारख्या द्रावकात मिसळतात. काळ्या पॉलिशमध्ये बहुधा निग्रोसीन हा रंग असतो. द्रावक उडून जातो व मेण मागे राहते. डबीचे झाकण सैल राहिल्यास पॉलिश सुकून भेगाळते, ते याच कारणाने. बाटलीतील द्रव पॉलिश तात्काळ चमक देते. मात्र त्याच्या काही प्रकारांचा थर दुमडीच्या जागी तडकतो.

कृती : नाड्या काढून धूळ झटकतात, जुने पॉलिश ओलसर फडक्याने व चामड्याच्या साबणाने उतरवतात आणि बूट सावलीत वाळवतात. उन्हात किंवा शेगडीजवळ वाळवल्यास चामडे ताठरते. नंतर चामड्याला स्निग्धता देणारे क्रीम जिरवून पॉलिशचा पातळ हात देतात, थोडे सुकू देतात व घोड्याच्या केसांच्या ब्रशाने घासतात. आरशासारख्या चकाकीसाठी बोटाभोवती घट्ट गुंडाळलेल्या सुती फडक्यावर किंचित पॉलिश व पाण्याचा एखादाच थेंब घेऊन लहान वर्तुळे फिरवतात. पाण्यामुळे फडके मेणाला चिकटत नाही. असे अनेक पातळ थर द्यावे लागतात. हे फक्त पुढचे टोक व टाच या कडक भागांवर करावे; दुमडणाऱ्या भागावर जाड मेण फुटते. लष्करी परंपरेत पाण्याऐवजी थुंकी वापरत; तिने चमक वाढते की नाही, याविषयी एकमत नाही.

इतिहास : एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमध्ये बुटांच्या काळ्या लेपाचे कारखाने होते; इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्सने १८२४ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी, अशाच एका कारखान्यात काम केले. विल्यम रॅमसे याने १९०६ मध्ये मेलबर्न येथे ‘किवी’ पॉलिश बाजारात आणले. पहिल्या महायुद्धातील सैनिकांमुळे त्याचा प्रसार वाढला.

महाराष्ट्र : मुंबईच्या उपनगरी रेल्वे स्थानकांवरील पॉलिशवाले लाकडी पेटी घेऊन बसतात आणि तिच्यावर ब्रश ठोकून गिऱ्हाइकाचे लक्ष वेधतात. गाडी येण्याआधीच्या काही मिनिटांत दोन्ही बूट उजळवणारे हे कौशल्य कारागिरीत गणले पाहिजे. राज कपूर निर्मित ‘बूट पॉलिश’ (१९५४) हा हिंदी चित्रपट या व्यवसायातील मुलांवर आहे. पदपथावर चपला-बूट दुरुस्त करणाऱ्या गटई कामगारांना राज्य शासनाच्या योजनेतून पत्र्याचे स्टॉल दिले जातात.

सुएड : मऊ लव असलेल्या या चामड्याला मेणाचे पॉलिश वर्ज्य; ते मुख्यतः ब्रशाने साफ करतात.