धाव, टायर आणि वेगळी रिम

'गाड्याबरोबर नळ्याची यात्रा' ही म्हण आपण अजून सर्रास वापरतो. पण तिच्यातला नळा आता दिसत नाही. बैलगाडीच्या बाजूला वंगणाने भरलेला बांबूचा नळा टांगलेला असे. गाडी पंढरपूरला निघाली की नळ्यालाही आपोआप यात्रा घडे. चाक, आस, वंगण ही आपल्या भाषेत एवढी मुरलेली माणसं आहेत, की त्यांना स्वतःचा इतिहास असेल असं आपल्याला वाटतच नाही. आज तो इतिहास सांगायचा आहे, आणि तोही चाकाच्या एकाच भागाचा. जमिनीला टेकणाऱ्या भागाचा.

जुनं लाकडी चाक डोळ्यांसमोर आणा. मधोमध तुंबा. तुंब्यातून निघालेले आरे. आऱ्यांच्या टोकांना जोडलेले बाभळीचे बाकदार पुठ्ठे. हे सगळं सुताराचं काम. त्यावर लोखंडाची गोल पट्टी चढते, ती धाव. ती लोहाराची. लोहार धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित आखूड करतो, गोवऱ्यांच्या जाळात लालबुंद तापवतो. तापली की ती फुगते. मग चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायची आणि वरून पाण्याचे हंडे ओतायचे. धाव आक्रसते आणि पुठ्ठे, आरे, तुंबा या सगळ्यांना आवळून एकजीव करते. एकाही खिळ्याशिवाय लाकूड आणि लोखंडाचा संसार उभा राहतो.

पण या संसाराला ऋतू छळतात. उन्हाळ्यात लाकूड वाळतं, आकसतं, आणि धाव खुळखुळू लागते. मग शेतकरी चाकं ओढ्यात भिजत घालतो. तेवढ्यावर भागलं नाही तर धाव काढून, कापून, पुन्हा तापवून चढवतो. म्हणजे ऋतू बदलला की चाकाकडे पाहायचं, ही रीत मोटारीच्या आधीची आहे.

धावेला एक भावंड होतं, बैलाच्या पायातली पत्री. माझे आजोबा नालबंद होते. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन पत्र्या, एका बैलाला आठ, जोडीला सोळा. दोर टाकून बैल पाडायचा, चारी पाय बांधायचे, खूर तासायचा आणि पत्री ठोकायची. सुतार, लोहार आणि नालबंद असे तिघे मिळून एक गाडी रस्त्याला लावत. तिघांचे देव वेगळे असतील, पण गिऱ्हाईक एकच.

आता थोडं लांब जाऊ. आमच्या ओळखीतला एक मुलगा जर्मनीत नोकरीला आहे. गेल्या दिवाळीत त्याने फोनवर विचारलं, "चाचा, इथे थंडीचे टायर वेगळे घ्यावे लागतात. नुसते टायर घेऊ की रिमसकट चाकंच घेऊ?" तामलवाडीच्या माणसाला हा प्रश्न गमतीचा वाटेल. आपल्याकडे थंडी घोंगडीत मावते. पण तिकडचा प्रश्न खरा आहे. तापमान सात अंशांच्या आसपास उतरलं की उन्हाळी टायरचं रबर कडक होऊ लागतं, त्याची पकड कमी होते आणि ब्रेक लावल्यावर गाडी लांब जाऊन थांबते. थंडीच्या टायरचं रबर गारठ्यातही मऊ राहील असं बनवलेलं असतं आणि त्याच्या नक्षीत बर्फ धरणाऱ्या बारीक चिरा असतात. जर्मनीत 2010 च्या नियमानुसार रस्त्यावर बर्फ किंवा हिमकण असतील तेव्हा असे टायर लागतातच. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात 1 डिसेंबर ते 15 मार्च ते सक्तीचे आहेत.

मग रिमचं काय? हिशेब सोपा आहे. एकाच रिमवर दर सहा महिन्यांनी टायर उतरवायचा आणि चढवायचा, तर दर वेळी दुकानदाराची मजुरी पडते, टायरच्या काठाला ताण बसतो आणि चाकाचा तोल नव्याने साधावा लागतो. वेगळ्या रिमा घेतल्या तर पहिल्यांदा पैसे जास्त जातात, हवेचा दाब सांगणारे सेन्सरही आणखी एक जोड घ्यावे लागतात. पण पुढे जॅक लावून घरच्या घरी चाकं बदलता येतात. चार-पाच वर्षं गाडी ठेवणाऱ्याला रिम परवडते, लवकर विकणाऱ्याला परवडत नाही. न वापरलेली चाकं ठेवायला जागा मात्र लागते. जर्मनीत त्यासाठी दुकानदारांनी भाड्याच्या वखारी काढल्या आहेत. त्यांना लोक टायरांचं हॉटेल म्हणतात.

हा प्रश्न नवा वाटतो, पण त्याच्या उत्तराचं नाव आपल्या प्रत्येक ट्रक ड्रायव्हरच्या तोंडी आहे. ते नाव म्हणजे स्टेपनी. मोटारी नव्या होत्या तेव्हा जादा चाक बरोबर नसे. पंक्चर झालं की रस्त्यात बसून टायर उतरवायचा, ट्यूब जोडायची आणि पुन्हा चढवायचा. वेल्समधल्या लानेली गावच्या डेव्हिस बंधूंनी 1904 मध्ये हवा भरलेला टायर चढवलेली वेगळी रिम विकायला काढली. मूळ चाक न काढता ती त्याला अडकवायची आणि पुढे निघायचं. त्यांचं दुकान स्टेपनी स्ट्रीटवर होतं. रस्त्याचं नाव चाकाला लागलं, आणि ते चाक गाड्यांबरोबर आपल्याकडे आलं. वेगळी रिम घेणं म्हणजे वेळ विकत घेणं, हे त्या दोन भावांनी ओळखलं होतं.

हवेच्या टायरची आणखी एक गंमत आहे. आपल्याला वाटतं तो मोटारीसाठी जन्मला. तसं नाही. स्कॉटलंडच्या रॉबर्ट थॉमसनने 1845 मध्ये हवेच्या चाकाचं पेटंट घेतलं ते घोडागाडीच्या काळात, आणि 1847 मध्ये लंडनच्या बागेत ती चाकं लावलेल्या घोडागाड्या धावूनही दाखवल्या. त्या वेळी ती कुणी फारशी घेतली नाहीत, कल्पना विसरली गेली. 1888 मध्ये जॉन बॉइड डनलॉपने बेलफास्टमध्ये मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तोच शोध पुन्हा लावला. तेव्हा मात्र सायकल होती, रस्ते होते, गिऱ्हाईक होतं. 1936 मध्ये बंगालमधल्या साहागंजला डनलॉपचा कारखाना सुरू झाला. पुढे हवेचे टायर बैलगाडीला लागले आणि उत्तर हिंदुस्थानात तशा गाडीला 'डनलप' हेच नाव पडलं. आमच्याकडे ती झाली टायरगाडी. जनावराच्या गाडीसाठी निघालेला शोध जनावराच्या गाडीपर्यंत पोचायला जवळपास शंभर वर्षं लागली.

एवढा उशीर का? त्याचं एक उत्तर रस्त्यात आहे. लोखंडी धाव अरुंद. गाडीभर माल त्या चिंचोळ्या पट्टीवर तोलला जातो, म्हणून ती खडीचा रस्ता कापत जाते, चाकोऱ्या पाडते. 'चाकोरी' हा शब्दच धावेने दिला. मोटारी वाढल्या तसा हा भांडणाचा मुद्दा झाला. रस्त्यांचा विचार करायला सरकारने 1927 मध्ये समिती नेमली, तिचे अध्यक्ष आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. त्या समितीच्या शिफारशीतून पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसला आणि 1929 पासून रस्तानिधी उभा राहिला. पुढे 1943 मध्ये नागपूरला मुख्य अभियंते जमले आणि त्यांनी रस्त्यांची वीस वर्षांची योजना आखली. शेतीच्या विकसित मुलखातलं कुठलंही गाव मोठ्या रस्त्यापासून पाच मैलांहून लांब नसावं, असं त्यांचं उद्दिष्ट होतं.

आमची तामलवाडी तेव्हा या हिशेबाच्या पलीकडे होती. सोलापूर इंग्रजांचं, आणि तुळजापूरचा मुलूख निजामाचा. मधल्या सीमेवर करोडगिरी, म्हणजे जकात. भवानीच्या दर्शनाला निघालेली गाडी काही कोसांत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात शिरे. निजामाच्या रेल्वेने 1932 मध्ये 27 बस घेऊन मोटारसेवा सुरू केली, तिला टायर होते. खेड्यातल्या गाडीला धावच होती. 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान संपलं, 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि सीमा पुसली. डांबर हळूहळू मागून आलं.

पण रस्ता झाला म्हणून टायर आला, असंही नाही. टायर खेड्यात आणला तो उसाने.

1950 मध्ये लोणीला प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पुढच्या काही दशकांत नगर, सोलापूर, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात धुराडी वाढत गेली. ऊस तोडल्यावर तो लवकर गव्हाणीत पडावा लागतो, नाहीतर वजन घटतं आणि साखरही घटते. लाकडी चाकाची गाडी टनभर ऊस नेताना दमते. तीच बैलजोडी टायरच्या गाडीत दोन-अडीच टन ओढते. कारखान्यांना हे गणित लगेच कळलं. दसरा-दिवाळीनंतर बीड, नगर, धाराशिवच्या कोरडवाहू गावांतून बिऱ्हाडं निघाली. मुकादमाची उचल घेतलेली, कोयता, भांडी, लेकरं आणि बैल. कारखान्यावर पोचलं की त्यांना टायरगाडी मिळे. तोडणाऱ्यांमध्ये त्यावरून ओळखी पडल्या, हा गाडीवाला, हा टायरवाला.

गाळपाचा हंगाम म्हणजे आपला हिवाळा. म्हणून मी त्या मुलाला सांगितलं, की बाबा, थंडीचे टायर तुझ्या जर्मनीतच असतात असं नाही. आमच्या भागातल्या हजारो घरांना वर्षातून एकदा, ऐन थंडीतच टायर लागला. बर्फासाठी नव्हे, पोटासाठी.

आता यातली खरी गोष्ट ऐका. या टायरगाडीचे बैल तोडणाऱ्याचे, घाम नवरा-बायकोचा, आणि चाकं कारखान्याची. गाडीचं भाडं हिशेबातून कापलं जाई. पंक्चर झालं तर खेप चुके, खेप चुकली तर टनाचे पैसे बुडत, आणि उचल तर फेडायचीच असे. गावी परतला की त्याच्या दारात पुन्हा तीच लाकडी चाकाची गाडी, किंवा तीही नाही. काहींनी मग पै-पै जमवून स्वतःचा सांगाडा घेतला. बाजारात बैलगाडीसाठी खास टायर मिळतात, 19 इंची रिमचे. कुणी नवे घेई, कुणी मोडीतल्या मोटारीची आस, रिमा आणि घासलेले टायर घेऊन गावच्या सुताराकडून वर साटा ठोकून घेई. इथेही प्रश्न तोच होता, नुसता टायर की रिमसकट चाक? जर्मनीतला मुलगा सोय पाहून ठरवतो. तोडणाऱ्याच्या बाबतीत त्या प्रश्नात मालकी होती. ज्याची आस आणि रिम स्वतःची, त्याचं भाडं वाचे, आणि उन्हाळ्यात त्याच गाडीवर शेणखत, कडबा, माती वाहून चार पैसे मिळत. मात्र वर्षातले सहा-सात महिने उन्हात उभ्या राहिलेल्या टायरला भेगा पडतात. काम नसेल तर स्वतःचं चाकही अंगावर पडतं. म्हणून कित्येकांनी भाडंच पत्करलं. त्यांना हिशेब येत नव्हता असं समजू नका. त्यांच्यापाशी पहिली रक्कम नव्हती.

या बदलात आणखी कुणाचं काय झालं? सुताराचे आरे-पुठ्ठे गेले, लोहाराचा धावेचा जाळ विझला. नालबंदाचं काम मात्र काही काळ वाढलं, कारण डांबरावर पत्री लवकर झिजते. आमच्या घरात रबराने अन्न दिलं, ते असं उलट्या वाटेने.

आज उसाच्या फडात छोट्या ट्रॅक्टरच्या मागे दोन-दोन टायरगाड्या जोडलेल्या दिसतात. लोक त्याला जुगाड म्हणतात. ऊसतोडणी यंत्रंही आली आहेत. 2022 मध्ये राजारामनगरच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांनी बैलांच्या मानेवरचा भार हलका व्हावा म्हणून जुवाखाली तिसरं चाक बसवून दाखवलं. बैलाच्या मानेचा विचार झाला, हे चांगलंच झालं. तोडणाऱ्याच्या मानेवरचा उचलीचा भार उतरवणारं चाक अजून निघायचं आहे.

तामलवाडीला आता राष्ट्रीय महामार्ग 52 चा टोलनाका आहे. मालमोटारीचा टोल तिच्या आसांवरून ठरतो, बैलगाडीला टोल नाही. जुनी करोडगिरी मालावर होती, नवी चाकांवर आहे. चाकाच्या इतिहासात शोध लावणाऱ्यांची नावं आणि सालं मिळतात. पण चाक कुणाचं होतं, त्याचं भाडं कुणी भरलं, हे क्वचितच लिहून ठेवलेलं असतं. गाड्याबरोबर नळ्याला यात्रा घडते, हे खरं. आमच्या ऊसतोड्यांनी मात्र बैल आपले जुंपले, गाडा दुसऱ्याचा ओढला, आणि वंगणही स्वतःच घातलं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)