डहाणू : हरलेल्या खटल्याची पुण्याई

हरित वसईच्या चळवळीविषयी आपल्या समाजात पुष्कळ बोलले आणि लिहिले गेले आहे, आणि ते योग्यच आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेल्या त्या लढ्याच्या आठवणी आपल्या घराघरांत सांगितल्या जातात. परंतु नेमक्या त्याच सुमारास, तेव्हाच्या त्याच ठाणे जिल्ह्यात, वसईपासून सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर उत्तरेला दुसरा एक लढा चालू होता. डहाणू तालुका आज आपल्याच धर्मप्रांतात मोडतो. तरीही त्या लढ्याची हकिकत आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असावी. ती सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

डहाणूचे वैशिष्ट्य असे की तेथे तीन निरनिराळी जगे एकमेकांना खेटून वसली आहेत. किनाऱ्यावर मच्छीमारांची गावे. त्यामागे डहाणू-घोलवडच्या चिकूच्या वाड्या, ज्यांची लागवड विसाव्या शतकात प्रामुख्याने इराणी बागायतदारांनी वाढविली. आणि रेल्वेच्या पूर्वेला डोंगरापर्यंत पसरलेले वारल्यांचे पाडे. तालुक्यातील सुमारे दोन-तृतीयांश वस्ती आदिवासींची. वारली चित्रकला जगापुढे नेणारे जिव्या सोमा मशे याच तालुक्यातील. १९४५ साली गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वेठबिगारीविरुद्ध वारली उठले, तेही याच भागात. तेव्हा अन्यायाविरुद्ध उभे राहण्याची सवय या भूमीला नवी नव्हती. नवे होते ते लढ्याचे शस्त्र. या वेळी हाती घ्यायचा होता तो कायद्याचा कागद.

मुंबईच्या उपनगरांना वीज पुरविणाऱ्या बीएसईएस या कंपनीने ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात डहाणूच्या खाडीकाठी ५०० मेगावॉटचा, म्हणजे २५० मेगावॉटच्या दोन संचांचा, कोळशावर चालणारा औष्णिक प्रकल्प योजला. मार्च १९८९ मध्ये केंद्राच्या पर्यावरण खात्याने त्याला मंजुरी दिली. कोळसा जळला की राख उरते आणि धुरातून गंधकाचा वायू बाहेर पडतो. राखेला जागा लागते, आणि ती जागा खाडीकाठची पाणथळ जमीन असते. वायू वाऱ्यासरशी मोहरावर, पानांवर आणि माणसांच्या छातीत उतरतो. फळबागांच्या मधोमध असा प्रकल्प का, हा प्रश्न काही स्थानिक मंडळींनी विचारला. त्यांत नर्गिस इराणी यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल. ही मंडळी संख्येने थोडी होती. मोर्चे काढून मंत्रालय हलविण्याइतके बळ त्यांच्यापाशी नव्हते. त्यांनी संस्था स्थापली, कागदपत्रे जमविली आणि मुंबई उच्च न्यायालयाचा दरवाजा ठोठावला.

तेथे ते हरले. सर्वोच्च न्यायालयात गेले. १९ मार्च १९९१ रोजी तेथेही हरले. सरकारने सर्व बाजूंचा विचार करून मंजुरी दिली असेल, तर न्यायालयाने त्यात आपले मत घुसवू नये, अशी भूमिका न्यायमूर्तींनी घेतली. मात्र निकालपत्रात एक धागा शिल्लक राहिला. धुरातील गंधक काढून घेणारे संयंत्र बसविण्याची जी अट मंजुरीत होती, ती पूर्ण विचार केल्यावाचून सैल करू नये, असे न्यायालयाने बजावले. त्या दिवशी या ओळीकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नसेल. हरलेल्या पक्षाला निकालपत्रातील समासाच्या ओळी वाचण्याचे भान कुठून असणार! परंतु पुढील सोळा वर्षांची कहाणी त्या ओळीभोवती फिरते.

या निकालानंतर तीनच महिन्यांनी, २० जून १९९१ रोजी, केंद्र सरकारने एक अधिसूचना काढून संपूर्ण डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित केला. प्रदूषणाच्या प्रमाणानुसार उद्योगांचे हिरवे, नारिंगी आणि लाल असे वर्ग केले. लाल वर्गातील उद्योगांना तालुक्यात मज्जाव केला. सर्व उद्योग मिळून ५०० एकरांपेक्षा अधिक जमीन व्यापता कामा नये, असे ठरविले. तालुक्याच्या सीमेबाहेर २५ किलोमीटरपर्यंतचा पट्टाही संरक्षणाखाली आणला. फळबागा आणि आदिवासींच्या जमिनी यांना हात लावण्यावर निर्बंध आले. खटला हरला नसता, तर ही अधिसूचना निघाली असती काय? आमच्या मते नसती. प्रकल्प थांबला असता तर सगळे आनंदाने घरी गेले असते आणि पुढचा प्रकल्प येईपर्यंत कायद्याची आठवण कोणाला झाली नसती. हरल्यामुळेच 'निदान यापुढे तरी नको' ही मागणी उरली आणि ती सरकारच्या पचनी पडली. कदाचित वीज प्रकल्प हातचा गेला नाही म्हणून सरकारलाही औदार्य परवडले असेल.

अधिसूचनेचे स्वागत सर्वांनीच केले, असे मात्र समजू नये. उद्योग आले नाहीत तर आमच्या मुलांनी पोट कसे भरायचे, हा प्रश्न डहाणूतही विचारला गेला, आजही विचारला जातो. आणि तो विचारणाऱ्यांना पर्यावरणाचे शत्रू म्हणणे अन्यायाचे होईल. पाड्यांवरील तरुण कामासाठी बाहेर पडतात, हे सत्य आहे. पण डहाणूहून मुंबईकडे निघालेली गाडी वाणगाव मागे टाकून बोईसरला थांबते, तेथे दुसऱ्या वाटेचे फळही पाहायला मिळते. तेथील तारापूर औद्योगिक क्षेत्राने हजारो हातांना काम दिले हे खरे. आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ सालच्या निर्देशांकात देशातील सर्वांत प्रदूषित औद्योगिक क्षेत्र म्हणून तारापूरचे नाव पहिले आले, हेही तितकेच खरे. शेजारी-शेजारी असलेल्या या दोन किनाऱ्यांमध्ये जो फरक पडला, त्यात या अधिसूचनेचा वाटा मोठा आहे, असे आम्ही मानतो.

तथापि कागद आपोआप अंमलात येत नसतो. राज्य सरकारने वर्षभरात तालुक्याचा आराखडा करावयाचा होता, तो रेंगाळला. १९९४ साली 'सँक्च्युअरी' मासिकाचे संपादक बिट्टू सहगल यांच्या नावाने सर्वोच्च न्यायालयात नवी याचिका गेली. न्यायालयाने नागपूरच्या 'नीरी' संस्थेकडून अहवाल मागविला आणि ३१ ऑक्टोबर १९९६ रोजी आदेश दिला : अधिसूचनेची अंमलबजावणी पाहण्यासाठी उच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र प्राधिकरण नेमावे. त्याच वर्षीच्या डिसेंबरात 'डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण' अस्तित्वात आले. अध्यक्षस्थानी होते न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी.

आमच्या दृष्टीने या साऱ्या इतिहासाचे मर्म येथे आहे. धर्माधिकारी हे गांधीविचारांच्या घरातले, सर्वोदयी विचारवंत दादा धर्माधिकारी यांचे पुत्र. त्यांच्या प्राधिकरणापुढे बागायतदार, मच्छीमार, पाड्यावरचा माणूस आणि कंपनीचे वकील एकाच खोलीत बसू लागले. दिल्लीच्या न्यायालयात जाण्याची ऐपत नसलेल्या माणसाला आपले गाऱ्हाणे मांडण्यासाठी एक पीठ मिळाले. तालुक्यातून जाणारा रस्ता असो वा लोहमार्ग, तोडलेल्या झाडांचा हिशेब तेथे द्यावा लागे.

त्या पीठापुढे पहिले मोठे प्रकरण आले ते वाढवण बंदराचे. डहाणूच्या दक्षिणेस वाढवणच्या समुद्रात पी अँड ओ या परदेशी कंपनीकडून प्रचंड बंदर बांधून घेण्याचे राज्य सरकारने १९९७ मध्ये ठरविले होते. किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर खोल पाणी, ही त्या जागेची मोहिनी. परंतु त्याच खडकाळ उथळ पाण्यात मासळीची वीण होते. शिवाय वाढवण, वरोर, चिंचणी या गावांत सोन्याच्या दागिन्यांचे साचे तयार करण्याचा, ज्याला तेथे डायमेकिंग म्हणतात, तो गृहोद्योग घरोघरी चालतो. म्हणजे बंदरामुळे केवळ मच्छीमारच उठणार होता असे नाही. सप्टेंबर १९९८ मध्ये प्राधिकरणाने निर्णय दिला की असे बंदर अधिसूचनेत बसत नाही. कंपनी निघून गेली. एका तालुक्याच्या प्राधिकरणाने राज्य सरकारची एवढी मोठी योजना थांबविल्याचे दुसरे उदाहरण आम्हांला सहज आठवत नाही.

आता त्या समासातल्या ओळीकडे वळू. वीज प्रकल्प १९९५ मध्ये सुरू झाला होता. त्याचे पावणेतीनशे मीटर उंचीचे धुराडे दूरवरून दिसे. गंधक काढणारे संयंत्र मात्र कोठेच नव्हते. धुराडे इतके उंच आहे की वायू विरून जातो, तेव्हा संयंत्राची गरज काय, असा कंपनीचा युक्तिवाद. मे १९९९ मध्ये प्राधिकरणाने ते बसविण्याचा आदेश दिला. कंपनी न्यायालयात गेली, वर्षे गेली, मध्यंतरी मालकी रिलायन्सकडे गेली. शेवटी प्राधिकरणाने ३०० कोटी रुपयांची बँक हमी मागितली, आणि जे विनवण्यांनी झाले नव्हते ते पैशांच्या तारणाने झाले. २००७ साली संयंत्र चालू झाले. ते समुद्राच्या पाण्याने धूर धुते. देशातील बहुतेक औष्णिक केंद्रांत असे काही नव्हते, तेव्हा डहाणूत ते उभे राहिले. हरलेल्या खटल्यातील एका ओळीने सोळा वर्षांनी असे फळ धरले.

वाचकहो, ही हकिकत येथेच थांबली असती तर सांगणे सुखाचे झाले असते. न्यायमूर्ती धर्माधिकारी ३ जानेवारी २०१९ रोजी निवर्तले. त्याआधीच, २०१५ पासून, वाढवण बंदराची योजना जवाहरलाल नेहरू बंदराच्या पुढाकाराने पुन्हा वर आली होती. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला तत्त्वतः मान्यता दिली. त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली. तिच्याकडे वर्तमानपत्रांनी फारसे लक्ष दिले नाही, परंतु आमच्या मते ती मंत्रिमंडळाच्या मान्यतेहून महत्त्वाची होती : उद्योगांच्या लाल, नारिंगी, हिरव्या वर्गवारीतून बंदरे वगळण्यात आली. १९९८ चा निर्णय ज्या पायावर उभा होता तो पायाच असा अलगद काढून घेतला गेला. अधिसूचना होती तशीच राहिली. बदलला तो एका शब्दाचा अर्थ.

किनारा गप्प राहिला नाही. येथे एक गोष्ट नमूद केलीच पाहिजे. वसई-उत्तनकडील मच्छीमार आणि पालघर-डहाणूकडील मच्छीमार यांच्यात डोल जाळ्यांच्या कवींवरून, म्हणजे समुद्रात रोवलेल्या खुंटांच्या हद्दीवरून, जुना आणि कडवट वाद आहे. तरीही डिसेंबर २०२० मध्ये बंदराविरुद्ध झाईपासून कफ परेडपर्यंतच्या कोळीवाड्यांनी एकत्र बंद पाळला. समुद्र वाटून घेण्यावर ज्यांचे एकमत होत नाही, त्यांचे तो राखण्यावर झाले.

३१ जुलै २०२३ रोजी त्याच प्राधिकरणाने, आता नव्या सदस्यांसह, अटी घालून बंदराला परवानगी दिली. एप्रिल २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने ती ग्राह्य धरली. मच्छीमार संघटनांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. जून २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. समुद्रात भराव घालून सुमारे १,४४८ हेक्टर जमीन तयार करण्याची ही योजना आहे. लाखो रोजगारांचे आश्वासन दिले गेले आहे. ते खोटेच ठरेल असे म्हणण्याचा आम्हांला अधिकार नाही. परंतु डोल टाकणाऱ्या पन्नाशीच्या माणसाला त्यातला कोणता रोजगार मिळणार, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. एकेकाळी त्याला तो प्रश्न विचारण्यासाठी डहाणूत एक खोली होती. प्राधिकरण तेच, नाव तेच, कायदाही तोच. तरी पूर्वी जे बसत नव्हते ते आता बसले. आपल्या संस्था आणि समित्यांवर कोण बसते याकडे आपण किती बेफिकिरीने पाहतो, याचा विचार या ठिकाणी मनात आल्यावाचून राहत नाही.

या चळवळीने तालुक्यात जी सवय रुजविली, ती मुक्या जीवांपर्यंतही पोचली आहे. पावसाळ्यात समुद्र खवळला की डहाणूच्या किनाऱ्यावर कासवे लागतात, बहुतेक ऑलिव्ह रिडले, कधी हिरवी कासवे. समुद्रात टाकून दिलेल्या जाळ्यांत गुरफटून त्यांचे वल्ह्यासारखे पाय कापलेले असतात. डहाणूत वन विभाग आणि प्राणिमित्रांची एक स्थानिक संस्था यांनी मिळून अशा कासवांसाठी उपचार केंद्र चालविले आहे. जखमी कासव दिसल्याची वर्दी पुष्कळदा मच्छीमारच देतात. जाळ्यात कासव सापडले तर जाळे कापून त्याला सोडून द्यावे आणि नुकसानीपोटी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई घ्यावी, अशी राज्य सरकारची योजना २०१८ च्या अखेरीस आली. आणि जाळ्याची खरी किंमत ज्याला ठाऊक आहे, तोच कोळी ते आपल्या हाताने कापतो. बरी झालेली कासवे पुन्हा समुद्रात सोडली जातात. ज्या समुद्रात ती सोडली जातात, तेथून वाढवणचे खडक फार दूर नाहीत.