अचाट शक्ती आणि आठ तासांची नोकरी

श्रोतेहो, कामगार संघटनेच्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत उभे राहून कार्टूनपटावर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. बोनस, ग्रॅच्युइटी, किमान वेतन हे आमचे नेहमीचे विषय. परंतु जे चित्र आजोबा, सून आणि नातू एकत्र बसून पाहतात व तिघेही निरनिराळ्या ठिकाणी हसतात, त्यात मजुरीचा इतिहास किती खोल दडलेला असतो, हे आम्हांस वाचनालयात बसून कळले. तेच आज आपल्यापुढे ठेवावयाचे आहे.

चित्रपटाचे नाव ‘द इन्क्रेडिबल्स’. ब्रॅड बर्ड या दिग्दर्शकाने पिक्सार कंपनीत तो केला आणि २००४ च्या नोव्हेंबरात तो अमेरिकेत लागला. त्याला दोन ऑस्कर मिळाली. कथा थोडक्यात अशी : अचाट शक्तीची माणसे लोकांना संकटातून सोडवीत असतात, मग त्यांच्यावर नुकसानभरपाईचे दावे होतात, सरकार कंटाळते आणि त्यांना हुकूम करते, की यापुढे शक्ती लपवा आणि चारचौघांसारखे जगा. पंधरा वर्षांनंतर त्यांतला सर्वांत बलवान गडी विमा कंपनीत कारकून आहे. खुर्ची त्याला पुरत नाही, मोटारीत अंग मावत नाही. एक वृद्ध बाई दावा नामंजूर झाला म्हणून रडत येते. तो वरकरणी मोठ्याने नकार देतो आणि हळूच कोणता अर्ज कोणाकडे न्यावा ते सांगतो. आमच्या पेशातल्या कोणाही माणसाला हे ओळखीचे वाटेल! कायद्याची वाट कोठून जाते ते कानात सांगणे, हे आमचे निम्मे आयुष्य. पुढे बुटका साहेब त्याला बोलावून, गिऱ्हाइकांचे पैसे चुकते का होतात, म्हणून झाडतो. खिडकीबाहेर एका माणसाला गुंड लुटीत आहे, पण बाहेर पाऊल टाकशील तर नोकरी गेली, अशी साहेबाची तंबी. गुंड पसार होतो. आणि मग साहेब भिंतींतून आरपार जातो.

या प्रसंगाला चित्रगृहात जो हशा होतो तो मुलांचा नव्हे, बापांचा. चित्रपटाची गोडी येथे आहे, असे आम्हांस वाटते. उडणारे वीर पुष्कळ झाले. पण ज्याची ताकद कोणाला नको आहे, असा वीर प्रथमच पाहावयास मिळाला.

आपल्या किनाऱ्याला ही गोष्ट परकी नाही. न्हावा-शेव्याचे बंदर १९८९ साली सुरू झाले. त्यापूर्वी, १९८४ च्या जानेवारीत, नव्या मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींच्या प्रश्नावर उरण तालुक्यात जे आंदोलन दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झाले, त्यात गोळीबाराने पाच माणसे गेली. जमीन गेलेल्या, खाडी आटलेल्या घरांतले कित्येक गडी पुढे फाटकावर पहारेकरी झाले. वाऱ्याचा वास घेऊन तुफान सांगणारा तांडेल हजेरीच्या वहीत सही करून आठ तास स्टुलावर बसलेला आम्ही पाहिला आहे. पगार वेळेवर होता. तक्रार पगाराची नव्हती.

चित्रपटातील दुसरी खुबी म्हणजे घरातल्यांना वाटून दिलेल्या शक्ती. बाप बलवान, आई हवी तितकी ताणली जाणारी, वयात येणारी लाजरी मुलगी अदृश्य होणारी, दहा वर्षांचा मुलगा पळत सुटणारा, आणि तान्ह्यामध्ये काय दडले आहे ते कोणासच ठाऊक नाही. ही जादू नव्हे, कोणत्याही घराची कामाची वाटणी आहे. बाप घरी खोटे सांगून एकटा पराक्रमाला जातो तेव्हा सापळ्यात अडकतो. सोडवायला कुटुंब जाते. येथे आम्हांस चरीचा संप आठवतो. १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे नारायण नागू पाटलांच्या हाकेस ओ देऊन कुळांनी खोतांच्या जमिनी पडीक ठेवल्या. पुढाऱ्याचे नाव इतिहासात राहिले ते योग्यच. पण सहा वर्षे चुली पेटत्या ठेवणाऱ्या बायांशिवाय तो संप सहा महिनेही टिकता ना.

कुटुंबाने अचाट काम करण्याची परंपरा आपल्या चित्रपटसृष्टीच्या पायाशीच आहे. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली मुंबईत लागला. त्यात मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. सरस्वतीबाई फिल्मला भोके पाडीत, ती धुवीत, आणि वर साऱ्या मंडळीचा स्वयंपाक करीत. तारामती झालेले साळुंके उपाहारगृहात दरमहा दहा रुपयांवर होते. फाळक्यांनी पंधरा दिले. (आमच्या लेखी ही पगारवाढ चित्रपटाच्या इतिहासात नोंदण्याजोगी आहे.) १९१५ च्या सुमारास फाळक्यांनी काड्यापेटीतील काड्या हलवून ‘आगकाड्यांची मौज’ केली, निर्जीव वस्तू पडद्यावर चालविण्याची ही आपल्याकडची सुरुवात. पुढे १९१९ च्या ‘कालिया मर्दना’त त्यांची लहानगी मंदाकिनी कृष्ण झाली. अचाट शक्तीचे पोर, आणि तेही घरचेच!

परदेशात मात्र हा धंदा लवकरच कारखान्याच्या वळणावर गेला. सेकंदाला चोवीस चित्रे हा हिशेब. ‘इन्क्रेडिबल्स’ ११५ मिनिटांचा, म्हणजे १,६५,६०० चित्रे. संगणकापूर्वी हे सारे हाताने होई. न्यूयॉर्कमधील फ्लायशर बंधूंच्या चित्रशाळेत १९३७ साली कामगारांनी कित्येक महिने संप केला. पुढच्याच वर्षी मालकांनी बिऱ्हाड मायामीला हलविले. तेथून १९४१ मध्ये सुपरमॅनचे कार्टूनपट निघाले. त्या सुपरमॅनचे जनक, दोन तरुण, आपला हक्क अवघ्या १३० डॉलरला विकून बसले होते. त्याच १९४१ च्या मे महिन्यात डिस्नेच्या दारात संप उभा राहिला. आर्ट बॅबिट हा मोठ्या पगाराचा चित्रकार; पण संघटनेत शिरला आणि नोकरीस मुकला. त्याच्यासाठी व तुटपुंज्या पगारावर रंग भरणाऱ्या मुलींसाठी शेकडो माणसे बाहेर पडली. शेवटी कंपनीला संघटना मान्य करावी लागली.

एका ठिकाणी आमचे बर्डसाहेबांशी जमत नाही. त्यांचा खलपुरुष आपली यंत्रे सर्वांना विकून सर्वांनाच अचाट करू पाहतो, मग अचाट असे कोणी उरणारच नाही, आणि चित्रपटाला हे मोठे पाप वाटते. आम्हांस त्याचे खून पाप वाटतात. सर्वांना बळ मिळणे हे नव्हे. शक्ती जन्मानेच यावी आणि ज्याची त्यानेच ठेवावी, हा विचार आपल्या देशाने पुरेसा भोगला आहे.

आणि गंमत पाहा. नोकरदाराच्या कोंडमाऱ्यावर इतके सुंदर चित्र काढणाऱ्या कंपनीवरच चित्रकारांनी दावा लावला. एकमेकांची माणसे फोडावयाची नाहीत असे स्टुडिओंनी आपसांत ठरवून पगार दाबले, हा त्यांचा आरोप. २०१७ साली डिस्नेने, पिक्सार व ल्युकासफिल्म धरून, दहा कोटी डॉलर देऊन तडजोड केली. आरोप मात्र मान्य केला नाही.

दुसरा भाग २०१८ साली आला. त्यात आई कामावर जाते, आणि बाप घरी बसून तान्ह्यापुढे व मुलाच्या नव्या गणितापुढे हात टेकतो. अमेरिकेत यावर पुष्कळ चर्चा झाली म्हणतात. आमच्या वरसोली-थळच्या कोळणींना त्यात चर्चेजोगे काय सापडेल, कोण जाणे! नवरा दर्यावर, मासळी बाजारात विकायची तिने, सौदा तिचा आणि पैशाची पिशवीही तिच्याच कमरेला.