बॅ. अंतुले : एका कारकिर्दीचा हिशेब

महाराष्ट्राच्या मुख्यमंत्रिपदावर आजवर एकच मुसलमान बसला, तो म्हणजे बॅ. अब्दुल रहमान अंतुले. ९ जून १९८० ते जानेवारी १९८२, असे जेमतेम एकोणीस महिने. त्यांच्याविषयी बोलताना दोनच सूर ऐकू येतात. बाहेर 'सिमेंट' हा एक शब्द पुरेसा होतो. आपल्या मोहल्ल्यात 'मुसलमान होता म्हणून घालवला' हे एक वाक्य. दोन्हींना इतिहास म्हणता येणार नाही. इतिहासाला जमा आणि खर्च या दोन्ही बाजू लिहाव्या लागतात.

अंतुले यांचा जन्म ९ फेब्रुवारी १९२९ चा. सावित्रीच्या खाडीकाठचे आंबेत हे त्यांचे गाव. मुंबईत शिक्षण घेऊन ते लंडनच्या लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झाले. १९६२ मध्ये श्रीवर्धनमधून विधानसभेत गेले. पुढे राज्यमंत्री आणि मंत्री म्हणून कायदा व न्याय, बंदरे, मत्स्यव्यवसाय अशी खाती त्यांनी सांभाळली. ज्या कोकणाने त्यांना निवडून दिले, तिथे मुसलमानांची मते एकट्याने कुणाला जिंकून देतील इतकी नव्हती. कुणबी, आगरी, कोळी, मराठा अशा सगळ्यांनी त्यांना आपला माणूस मानले. 'मुसलमानाला मुसलमानच मत देतो' असे म्हणणाऱ्यांनी श्रीवर्धनचा हा दाखला आठवावा.

मुख्यमंत्रिपद मात्र त्यांना कोकणाने दिले नाही, ते दिल्लीने दिले. काँग्रेस फुटली तेव्हा पक्षाचे सरचिटणीस असलेले अंतुले इंदिरा गांधींच्या बाजूला ठाम उभे राहिले. १९८० मध्ये त्या निष्ठेचे चीज झाले. पण सहकारी साखर कारखाने, जिल्हा बँका, जिल्हा परिषदा या राज्याच्या सत्तेच्या खऱ्या खांबांवर त्यांची पकड नव्हती. ही गोष्ट पुढे महागात पडली.

त्या एकोणीस महिन्यांत कामाचा झपाटा विलक्षण होता. विधवा, अपंग आणि वृद्ध निराधारांना दरमहा मदत देणारी संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० मध्ये आली. ती आजही चालू आहे आणि तहसील कचेरीच्या रांगेत उभ्या असलेल्या बेवा बाईला तिचा कर्ता माहीत नसला तरी योजना माहीत असते. १९८१ मध्ये जालना व सिंधुदुर्ग हे नवे जिल्हे झाले, कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. शिवाजी महाराजांच्या दोन किल्ल्यांची नावे कोकणच्या दोन जिल्ह्यांना मिळाली ती एका कोकणी मुसलमानाच्या कारकिर्दीत. भवानी तलवार इंग्लंडहून आणण्याची घोषणाही त्यांचीच. तलवार आली नाही, पण नावे राहिली.

आता खर्चाची बाजू. त्या काळी सिमेंटवर सरकारी नियंत्रण होते, टंचाई होती आणि वाटप सरकारच्या हाती होते. अंतुले यांनी इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानसारखे न्यास काढले. बिल्डरांनी या न्यासांना देणग्या द्यायच्या आणि बदल्यात जादा सिमेंट घ्यायचे, असा आरोप झाला. ऑगस्ट १९८१ च्या अखेरीस अरुण शौरी यांनी 'इंडियन एक्सप्रेस'मध्ये हे प्रकरण उघड केले. १२ जानेवारी १९८२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. लेंटिन यांनी देणग्या आणि सिमेंट यांचा संबंध मान्य केला. अंतुले यांना राजीनामा द्यावा लागला. त्यानंतर महिन्या-दीड महिन्यातच केंद्राने सिमेंटवरचे नियंत्रण अंशतः उठवले.

हा निकाल कुणाच्या धर्मावर नव्हता, कागदपत्रांवर होता. म्हणून 'मुसलमान होता म्हणून' हे वाक्य टिकत नाही. पण ते पडले तेव्हा सावरायला राज्यातला एकही मोठा गट पुढे आला नाही, हेही खरे. ज्या दिल्लीने बसवले तिनेच हात काढून घेतला. जनाधार गावात आणि खुर्ची दिल्लीच्या मेहेरबानीवर, अशी ही तारांबळ होती.

खटला पुढे वर्षानुवर्षे चालला. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने आपलाच १९८४ चा आदेश चुकीचा ठरवला. न्यायालयाच्या चुकीचा फटका पक्षकाराला बसू नये, हे तत्त्व सांगताना वकील आजही 'अंतुले खटल्या'चाच हवाला देतात.

कोकणाने त्यांना टाकले नाही. १९८९, १९९१, १९९६ आणि २००४ मध्ये ते लोकसभेवर निवडून गेले. नरसिंह रावांच्या सरकारात आरोग्यमंत्री झाले. २००६ मध्ये अल्पसंख्याक मंत्रालय नव्याने निघाले, त्याचे पहिले मंत्री तेच. सच्चर समितीच्या अहवालानंतर शिष्यवृत्त्या सुरू झाल्या त्या याच काळात. उत्पन्नाचा दाखला, बँकेचे खाते, पन्नास टक्के गुण, हे सारे जुळवत उर्दू शाळांतल्या आम्हा शिक्षकांनी त्यांचे किती अर्ज भरले! पहिली ते आठवीची ती शिष्यवृत्ती २०२२ मध्ये बंद झाली, तेव्हा तिची किंमत घराघरांत कळली. डिसेंबर २००८ मध्ये हेमंत करकरे यांच्या मृत्यूविषयी शंका घेऊन अंतुले यांनी वादळ ओढवून घेतले. २००९ मध्ये रायगडात अनंत गीते यांच्याकडून ते हरले. २ डिसेंबर २०१४ रोजी त्यांचे निधन झाले.

मरहुमाचे गुण सांगावेत, ही आपली रीत आहे आणि ती चांगली आहे. पण सार्वजनिक माणसाचा हिशेब कौमेने स्वतः मांडला नाही, तर दुसरे तो एका शब्दात मांडून मोकळे होतात. निराधार योजना आपली म्हणून सांगायची असेल तर सिमेंटही आपणच सांगायला हवे. उद्या आपल्यातले कुणी मूल विधानसभेच्या पायऱ्या चढेल, तेव्हा अंतुले यांचे धाडस त्याने जरूर घ्यावे. मात्र त्याचे पाय लोकांत रोवलेले असावेत आणि वहीखाते उघडे असावे.